आधी माप बदलून दाखवा

डिझाइनच्या जागेसाठी आमच्या भोसरीच्या ऑफिसात मुलं-मुली येतात तेव्हा त्यांची परीक्षा दोन भागांत होते. पहिला भाग सोपा असतो. 300 बाय 200 ची, 20 जाडीची फिक्स्चर प्लेट काढायची, चार कोपऱ्यांजवळ एम12 बोल्टसाठी चार होल द्यायचे, मधोमध एक चौकोनी खिडकी पाडायची. बहुतेकजण हे भराभर उरकतात. काहींचा हात तर असा चालतो की बघत राहावं. मग मी सगळ्यांना उठवते आणि शेजाऱ्याच्या खुर्चीत बसवते. ‘आता समोरच्या प्लेटची लांबी 340 करा.’

खरी परीक्षा इथून सुरू होते. एकाच्या स्क्रीनवर प्लेट उजवीकडे वाढते आणि होल डावीकडेच राहतात. दुसरीच्या स्क्रीनवर एक बाजू तिरकी होते, कारण ती रेष आडवी आहे हे सॉफ्टवेअरला कुणी सांगितलंच नव्हतं. ती नुसती आडवी दिसत होती. तिसऱ्याची खिडकी कडेला जाऊन चिकटते आणि लाल अक्षरांत एररची यादी येते. थोडा वेळ झटापट होते, आणि शेवटी जो तो आधीचं सगळं पुसून प्लेट नव्याने काढायला घेतो.

कॅडच्या कामात वेळ कुठे जातो, हे त्या अर्ध्या तासात समजतं. पहिल्यांदा काढायला वेळ फारसा लागतच नाही. वेळ खातो तो बदल. फिक्स्चरच्या, म्हणजे पार्ट जागेवर पकडून ठेवणाऱ्या साधनांच्या धंद्यात तर बदलाला अंत नाही. ग्राहकाच्या पार्टचं ड्रॉइंग रिव्हिजन ‘ए’ला येतं, आमचं डिझाइन अर्ध्यावर असताना ‘बी’ येतं, आणि टूलरूममध्ये प्लेट मशीनवर चढायच्या बेतात असते तेव्हा ‘सी’. होल चार मिलिमीटर सरकतो, पत्रा जाड होतो, क्लॅम्पला रोबोची गन आडवी येते. यात कुणाचा दोष नसतो, गाडी अशीच तयार होते. म्हणून स्केच काढण्याच्या ज्या काही वेळ वाचवणाऱ्या सवयी आहेत, त्या सगळ्या एकाच कसोटीवर घासून बघाव्यात असं माझं ठाम मत आहे: हे स्केच उद्या दुसऱ्याने उघडलं, एक माप बदललं, तर ते नीट बदलेल का?

हे मी वर्तमानपत्रात लिहिते आहे त्याला कारण आहे. भोसरी-चाकणपासून वाळूज, सातपूर, शिरोलीपर्यंत प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या आसपास कॅड शिकवणारे क्लास आहेत. डिप्लोमा किंवा आयटीआय झालेल्या मुलांचे आईवडील पदरमोड करून तिथली फी भरतात. तिथून मुलं कमांड शिकून येतात, आणि कंपन्याही मुलाखतीत ‘हा पार्ट वीस मिनिटांत काढ’ असंच सांगतात. शिकवणाऱ्यांनी आणि नोकरी देणाऱ्यांनी मिळून चुकीची गोष्ट मोजायला घेतली आहे.

आता त्या प्लेटकडेच जरा जवळून बघू. साध्या आयताला चार कोपरे असतात. प्रत्येक कोपरा आडवा सरकू शकतो आणि उभाही सरकू शकतो, म्हणजे आयताला हलायला आठ मोकळ्या वाटा झाल्या. दोन बाजू आडव्या, दोन उभ्या असं सांगितलं की चार वाटा बंद झाल्या. आयताचा मध्य ओरिजिनला, म्हणजे शून्य बिंदूला बांधला की आणखी दोन. लांबी आणि रुंदी दिली की उरलेल्या दोन. आता काहीच हलत नाही. होलचंही तसंच. एकेका वर्तुळाला तीन वाटा, म्हणजे चार होलच्या बारा. पण चारही होल सारखे म्हटलं, त्यांचे मध्य एका कन्स्ट्रक्शन आयताच्या कोपऱ्यांवर ठेवले आणि त्या आयताचाही मध्य ओरिजिनला बांधला, की आकडे उरतात फक्त तीन: होलमधलं आडवं अंतर, उभं अंतर आणि 13.5 चा व्यास. होलच्या अंतरात सुधारणा आली, तर एक आकडा बदलायचा. प्लेट 340 ची झाली तर होल मध्याच्या दोन्ही अंगांना सारखेच राहतात.

उमेदवारांपैकी बरेचजण मात्र डाव्या कडेपासून 40 आणि 260 अशी मापं देतात. आज चित्र अगदी तसंच दिसतं. उद्या अंतर 220 चं 240 करायचं झालं की 30 आणि 270 असे दोन आकडे बदलावे लागतात, आणि घाईत एकच बदलला तर प्लेट वाकडी झाल्याचं थेट असेंब्लीत कळतं.

स्केच पक्कं झालं की नाही हे सॉफ्टवेअर स्वतःच सांगतं. सॉलिडवर्क्समध्ये मोकळी रेष निळी दिसते आणि बांधलेली काळी. डावीकडच्या झाडात, म्हणजे फीचरच्या यादीत, अर्धवट स्केचच्या नावाआधी कंसात वजाचं चिन्ह असतं. फ्रीकॅडमध्ये सगळं बांधून झालं की स्केच हिरवं होतं. आमच्याकडे नियम आहे की वजाचं चिन्ह असलेली फाइल सर्व्हरवर चढवायची नाही. नवीन मुलं यावर एक पळवाट शोधतात. ‘फिक्स’ नावाचं रिलेशन लावलं की रेष जागच्या जागी खिळते आणि काळी होते. दिसायला काम झालं, पण त्या स्केचला प्लेटची लांबी कुठून मोजायची हे अजूनही माहीत नसतं, आणि माप बदलायला जाणाऱ्याला ते अडवून धरतं. फाइल तपासताना मी आधी ‘फिक्स’ शोधते.

बंधनं घालून चित्र काढायची ही कल्पना नवी अजिबात नाही. आयव्हन सदरलँड या तरुणाने अमेरिकेतल्या एमआयटीत 1963 साली ‘स्केचपॅड’ नावाचा प्रबंध दिला. लिंकन लॅबोरेटरीतल्या टीएक्स-2 या संगणकावर, लाइट पेन हातात धरून तो पडद्यावर रेघा ओढत असे. त्यातलं षटकोनाचं उदाहरण मी दर नव्या बॅचला सांगते. आधी सहा बाजूंची वेडीवाकडी आकृती काढायची. मग तिचे कोपरे वर्तुळावर आणायचे. मग सगळ्या बाजू सारख्या आहेत असं संगणकाला सांगायचं. आकृती आपोआप सरळ होऊन नियमित षटकोन होतो. एक मूळ चित्र काढून त्याच्या हव्या तितक्या प्रती वापरता येत, आणि मूळ बदललं की प्रतीही बदलत. याच माणसाला पुढे 1988 साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ऑटोकॅड 1982 च्या डिसेंबरात बाजारात आलं, सॉलिडवर्क्स 1995 मध्ये. म्हणजे आज आपण ज्याला आधुनिक म्हणतो ती गोष्ट, आधी ओबडधोबड काढा आणि मग नातं सांगा, ही या सगळ्यांच्या कितीतरी आधी ठरलेली होती. आपण मुलांना अजूनही नेमकी रेष मारायला शिकवतो, नातं सांगायला शिकवत नाही.

माझ्या टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि एचबी पेन्सिल कायम असते. माऊसला हात लावायच्या आधी पार्ट कागदावर हाताने काढायचा, दोन मिनिटांत, स्केल न धरता. त्यावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची: मापं कुठून सुरू होतात, कुठलं माप बदलायची शक्यता आहे, आणि काय काय कायम सारखं राहणार आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दर वेळी ‘मध्यापासून’ असं नसतं. फिक्स्चर प्लेट दोन डॉवेल पिनांवर बसणार असेल तर खरा शून्य त्या डॉवेलपाशी आहे. टूलरूममधला मशीनिस्टही तिथूनच सेटिंग घेणार. मग ओरिजिन डॉवेलच्या मध्यावर ठेवायचा. मध्यावर ओरिजिन ठेवणं ही सवय चांगली, पण पार्ट कुठे बसतो हे न विचारता ती लावली तर आंधळी. हा कागद फाइलला लावून ठेवला की सहा महिन्यांनी दुसऱ्याला तेच डिझाइन उघडावं लागलं तरी विचारपूस करत फिरावं लागत नाही.

काढताना आकार अंदाजे खऱ्या मापाच्या जवळ ठेवावा. 300 ची प्लेट काढायची आणि पडद्यावर रेष ओढली 12 ची, तर पहिलं माप देताच स्केच उलटंपालटं होतं, आणि ते सरळ करण्यात वेळ जातो. रेष ओढताना कर्सरजवळ आकडा दिसत असतोच. आधी नाती द्यावीत, म्हणजे आडवं, उभं, समान, स्पर्श, समकेंद्री, आणि मापं मागाहून. मापांतही आधी मोठी, मग छोटी.

स्केचमध्ये कोपऱ्यांना गोलाई देणं हा मला सगळ्यात महाग पडणारा शॉर्टकट वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबते. पाच मिलिमीटरचा फिलेट स्केचमध्येच दिला की मूळ कोपरा नाहीसा होतो. माप द्यायला आता टोकच उरत नाही. बाजू लहान झाली तर गोलाईला जागा पुरत नाही आणि अख्खं स्केच कोसळतं. तोच फिलेट मॉडेल तयार झाल्यावर शेवटी दिला, तर हवा तेव्हा बंद करता येतो, एका आकड्याने सगळीकडे बदलता येतो. कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीसाठी कास्टिंगचं मॉडेल करायचं असेल तर याला पर्यायच नाही. साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून उभ्या भिंतींना ड्राफ्ट, म्हणजे थोडा उतार द्यावा लागतो, आणि तो गोलाईच्या आधी द्यावा लागतो. गोलाई स्केचमध्येच अडकली असेल तर उतार देताना मॉडेल हमखास भांडतं. पॅटर्नमेकर फोन करतो, ड्राफ्ट कुठाय विचारतो, आणि डिझाइनर तेच मॉडेल पहिल्यापासून करायला बसतो.

होलच्या रांगांचंही तसंच आहे. फ्लँजवर 120 च्या पीसीडीवर, म्हणजे 120 व्यासाच्या वर्तुळावर, सहा होल असतील तर स्केचमध्ये एकच होल काढावा आणि बाकीचे पॅटर्न फीचरने यावेत. ग्राहकाने आठ म्हटलं की सहाच्या जागी आठ टाकायचे. स्केचमध्ये सहा वर्तुळं हाताने मांडलेली असतील तर कोन काढण्यापासून सुरुवात.

प्रेस टूल करणाऱ्यांना तर मी आकड्यांना नाव द्या असं कळकळीने सांगते. पंच आणि डायमधली फट पत्र्याच्या जाडीवर ठरते. समजा पाच टक्के धरले आणि पत्रा 2 मिलिमीटरचा आहे, तर प्रत्येक बाजूला 0.1. हा 0.1 स्केचमध्ये जागोजागी हाताने टाकला, आणि पत्रा अडीचचा झाला, तर प्रत्येक जागी 0.125 शोधून टाकायचं. एक जरी जागा सुटली तरी त्या बाजूला बर, म्हणजे कडेला धारदार कंगोरा, येणार. त्याऐवजी ‘पत्रा_जाडी’ असं नाव देऊन सुरुवातीलाच एक चल ठेवावा आणि फट त्याच्याच समीकरणातून काढावी. पत्रा बदलला, एक आकडा बदलला, संपलं. हे करायला पहिल्या दिवशी मोजून काही मिनिटं लागतात, आणि तीच काही मिनिटं वाचवायला सगळे धडपडत असतात.

कीबोर्डच्या युक्त्यांवर आता दोन शब्द, कारण त्याही उपयोगाच्या आहेत. उजवा हात माऊसवर असताना डावा हात रिकामा बसू नये. सॉलिडवर्क्समध्ये ‘एस’ दाबला की कर्सरजवळच छोटा टूलबार येतो. त्यात स्वतःच्या रोजच्या कमांड भराव्यात. उजवं बटण दाबून माऊस एका दिशेला ओढला की जेस्चर चालतात, तेही आपल्या कामाप्रमाणे लावून घ्यावेत. एंटरने शेवटची कमांड पुन्हा मिळते, ऑटोकॅडमध्ये हेच काम स्पेसबार करतो. कंट्रोल धरून रेष ओढली तर सॉलिडवर्क्स आपणहून रिलेशन चिकटवत नाही, आणि गर्दीच्या स्केचमध्ये याने फार डोकेदुखी टळते. एवढं पुरे. उरलेल्या चाळीस शॉर्टकटची यादी भिंतीवर लावून कुणी वेगवान झालेलं मी पाहिलेलं नाही.

भोसरीतल्या कितीतरी छोट्या वर्कशॉपमध्ये काम अजूनही टू-डी ऑटोकॅडवर चालतं, आणि तिथे एक सवय अशी आहे की तिच्याविरुद्ध मी जिथे बोलावतील तिथे जाऊन बोलते. माप बदललं की काहीजण रेष सरकवत नाहीत. मापाच्या आकड्यावर डबल क्लिक करतात आणि नवा आकडा टाइप करतात. ड्रॉइंग बरोबर दिसतं, प्रिंट निघते, सही होते.

एकदा बाहेरून तयार होऊन आलेल्या ब्रॅकेटवर आमचं फिक्स्चर बसवायचं होतं. आमचे फिटर मामा पार्ट हातात घेऊन वर आले. म्हणाले, ‘मॅडम, पिन सरकतच नाही स्लॉटात.’ आमच्याकडच्या ड्रॉइंगवर स्लॉट 46 चा होता. व्हर्निअर लावला, 42 भरला. मामांनी स्वतः पुन्हा मोजला, दुसरा पार्ट घेऊन मोजला, तोही 42. पार्ट पाठवणाऱ्याकडून लेझर कटिंगला दिलेली डीएक्सएफ फाइल मागवली आणि स्लॉटच्या दोन टोकांमधलं अंतर तपासलं. 42. आकडा 46 टाइप केलेला होता, रेष जुनीच होती. लेझर कटिंगवाल्याने काहीच चूक केली नव्हती. त्याचं मशीन आकडे वाचत नाही, रेघा वाचतं, आणि त्याने रेघांप्रमाणे कापलं. तो सगळा लॉट भंगारात गेला.

तिथे खरं काम किती वेळाचं होतं? ‘स्ट्रेच’ कमांड घ्यायची, उजवीकडून डावीकडे खिडकी ओढून स्लॉटचं एक टोक पकडायचं, चार मिलिमीटर सरकवायचं. मापाचा आकडा आपोआप 46 होतो. आकडा टाइप करण्यापेक्षा काही सेकंद जास्त. म्हणून बाहेरून आलेल्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये आम्ही मापांच्या प्रॉपर्टीज उघडून ‘टेक्स्ट ओव्हरराइड’चा खाना बघतो, तो रिकामाच असला पाहिजे. कटिंगला फाइल देण्याआधी ‘ओव्हरकिल’ चालवून एकावर एक बसलेल्या दुहेरी रेघा काढतो आणि ‘जॉइन’ने आकृतीचा घेर बंद आहे ना ते पाहतो. दुहेरी रेष राहिली तर मशीन त्याच वाटेने दोनदा जातं. घेर उघडा असेल तर ऑपरेटरला फाइल परत पाठवावी लागते आणि एक दिवस जातो.

यातली एकही गोष्ट अवघड नाही. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी आठवड्याभरात शिकेल, पण तिला कुणी तपासणार असेल तर. प्रात्यक्षिक परीक्षेत छापील ड्रॉइंग देतात, ते कॉपी करून प्रिंट काढायची, आणि प्रिंटवर गुण मिळतात. प्रिंटमध्ये निळी रेष काळीच छापली जाते. ओव्हरराइड केलेलं माप खऱ्या मापासारखंच दिसतं. परीक्षकाला दिसत नाही ते विद्यार्थी कशाला शिकेल?

सॉफ्टवेअर महाग म्हणून असं शिकवणं जमत नाही, ही तक्रार मी ऐकते. ती आता टिकत नाही. फ्रीकॅड हे मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर आहे, 2024 च्या नोव्हेंबरात त्याची 1.0 आवृत्ती आली. आधी वरचं स्केच बदललं की खालच्या फीचरची नाळ तुटायची, तो जुना त्रास तिच्यात बराच कमी झाला आहे. त्यातलं स्केचर किती वाटा अजून मोकळ्या आहेत हे आकड्यात सांगतं. शिकण्यासाठी यापेक्षा चांगलं साधन मला ठाऊक नाही. चोरीच्या प्रतींवर शिकवण्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणच्या आयटीआयने हे घ्यावं. इथे शिकलेली मुलगी उद्या सॉलिडवर्क्स किंवा कॅटियावर बसली तर तिला बटणांच्या जागा शोधाव्या लागतील, विचार तोच राहील.

माझी मागणी मोजकी आहे. प्रात्यक्षिकाच्या तीन तासांतला पहिला दीड तास पार्ट काढण्यासाठी द्यावा. मग फाइली अदलाबदल कराव्यात आणि फळ्यावर तीन बदल लिहावेत: लांबी वाढवा, होलचं अंतर बदला, जाडी बदला. निम्मे गुण त्यावर. फाइल ज्याने काढली आणि ज्याने बदलली, दोघांनाही. क्लासवाल्यांनीही प्रमाणपत्र देण्याआधी हेच करावं, आणि मुलांच्या आईवडिलांनी फी भरण्याआधी क्लासमध्ये जाऊन विचारावं की इथे दुसऱ्याची फाइल बदलायला शिकवता का. आमच्यासारख्या कंपन्यांनीही मुलाखतीत स्टॉपवॉच लावायचं असेल तर ते ‘340 करा’ म्हटल्यावर लावावं.